एक मोठा, एक लहान

मराठी साहित्याच्या जमाखर्चात बापाचं खातं पहिल्यापासून जरा हलकंच आहे. साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहायला घेतली. त्यात श्याम 42 रात्री बोलतो आणि बोलतो ते मुख्यतः आईबद्दल. पुढे आचार्य अत्र्यांनी तिच्यावर चित्रपट काढला, त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं, तेही आईच्याच नावावर जमा झालं. श्यामला वडील होते. ते त्याच घरात राहत होते, कर्जाच्या काळजीत तेही होतेच. पण गुरुजींनी ‘श्यामचे वडील’ लिहिलं नाही, वाचकांनी मागितलं नाही आणि वडिलांनी त्याबद्दल कुठे नाराजी नोंदवल्याचंही ऐकिवात नाही. मराठी बापाचं हे असंच आहे. त्याचा फोटो भिंतीवर लागतो, पुस्तक निघत नाही.

सरकारचाही हिशेब फारसा वेगळा नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत नव्या बापाला 15 दिवसांची पितृत्व रजा मिळते. त्यातले काही दिवस इस्पितळाच्या बिलाच्या खिडकीशी, काही बारशाचा हॉल शोधण्यात आणि उरलेले पेढे वाटण्यात जातात. सोळाव्या दिवशी तो कामावर हजर होतो, तेव्हा सरकारच्या लेखी बाप आणि मूल हा विषय मार्गी लागलेला असतो.

हल्ली मात्र शाळांना बापाची आठवण येऊ लागली आहे. आमच्या आरवच्या शाळेत मध्यंतरी पालकसभा झाली. पालकसभेत बाप शेवटच्या बाकांवर बसतात. सवय जुनीच असते. समुपदेशक बाईंनी सांगितलं, की मुलांना बापाचा ‘क्वालिटी टाइम’ मिळत नाही. आठवड्यातून एकदा तरी फक्त बाप आणि मूल, दोघंच. मोबाइल नको, टीव्ही नको, आई नको. या शेवटच्या अटीला पुढच्या बाकांवरून जी दाद मिळाली, ती सभेतल्या दुसऱ्या कुठल्याच मुद्द्याला मिळाली नाही. मागून एका सद्गृहस्थांनी विचारलं, “पण मॅडम, करायचं काय?” समस्त बापांनी त्यांच्याकडे कृतज्ञतेने पाहिलं. बाई म्हणाल्या, “काहीच नाही. फक्त त्याच्यासोबत राहायचं.”

सगळा घोळ इथेच आहे. मराठी पुरुषाला काहीतरी करायला सांगा, तो कुरकुरत का होईना करील. गॅसचा नंबर लावील, पंखा पुसून देईल, माळ्यावरची डेकोरेशनची खोकी काढील. पण काहीच न करता कुणासोबत नुसतं राहायचं, हे त्याला कुणी शिकवलेलंच नसतं. दोन जिवलग मित्र भेटले तरी मध्ये चहा लागतो, नाहीतर मॅच लागते, आणि दोन्ही नसेल तर तिसऱ्या मित्राची निंदा लागते. सहा वर्षांच्या मुलासोबत यातलं काही चालत नाही. निंदा चालते, पण ती संध्याकाळपर्यंत संबंधित नातेवाइकाच्या कानावर जाते.

आमच्या वडिलांच्या पिढीने हे सगळं कसलाही गाजावाजा न करता उरकलं. त्या काळातला दोघांचाच वेळ म्हणजे केस कापायला जाणं. सलूनच्या खुर्चीच्या दोन हातांवर आडवी फळी टाकायची, तिच्यावर मुलाला बसवायचं आणि वडिलांनी एकच शब्द उच्चारायचा, “बारीक.” मग ते बाकावर बसून तिथलं शिळं वर्तमानपत्र छोट्या जाहिरातींसकट वाचायचे आणि आपण आरशातून त्यांच्याकडे बघायचं. वडिलांकडे इतका वेळ टक लावून बघण्याची संधी एरवी कुठे मिळायची नाही. दुसरी जागा म्हणजे स्कूटर. बजाजची चेतक 1972 मध्ये आली आणि पुढे कित्येक वर्षं निघत होती. मधल्या काळात महाराष्ट्रातल्या बापलेकांचा बराचसा संवाद तिच्या हँडलमागच्या वीतभर जागेत झाला. मुलगा पुढे उभा, बापाची हनुवटी त्याच्या डोक्यावर, आणि संवादाची वाक्यं दोनच: “घट्ट धर” आणि “डोकं खाली घे, रस्ता दिसत नाही.” मुलगा जे काही बोलायचा ते वाऱ्याबरोबर मागे जायचं. मागे आई बसलेली असेल तर ती त्याचं उत्तर द्यायची, नसेल तर ते रस्त्यावर सांडायचं. मुलाला असं पुढे उभं करणं धोक्याचं होतं, आता ते कुणी करत नाही, हे चांगलंच झालं. तरी माझं मत आहे, की ज्या दोन माणसांना एकमेकांशी काय बोलावं ते सुचत नाही, त्यांना समोरासमोर बसवू नये, एकाच दिशेला तोंड करून ठेवावं. समुपदेशक बाईंच्या पुस्तकात हे असायला हरकत नव्हती.

प्रयोगांना सुरुवात अर्थातच घरातून होते. सापशिडी काढली जाते. या खेळात बापाने हरायचं असतं, पण जिंकण्यासाठी जिवाचं रान करत होतो असं दिसायला हवं. उघडउघड हरणारा बाप मुलाला मुळीच चालत नाही. त्याला अपमान झाल्यासारखं वाटतं. आणि सापशिडीत ठरवून हरणं महाकठीण, कारण फाशाला वात्सल्य कळत नाही. आरवची सोंगटी सर्वांत लांब सापाच्या तोंडी गेली, तेव्हा तो साप मेलेला आहे असं जाहीर झालं. चारच दान पुढे माझी सोंगटी त्याच घरात आली आणि साप जिवंत झाला. मी विचारलं, “हा तर मेला होता ना?” तो म्हणाला, “झोपला होता.” लहान मुलं नियम मोडत नाहीत, दुरुस्त करतात. अशा दुरुस्त्या आपण वर्तमानपत्रात रोज वाचतो, पण त्या इतक्या प्रसन्न चेहऱ्याने केलेल्या नसतात.

रात्रीची गोष्ट हे बापाचं आणखी एक राखीव क्षेत्र. आमच्याकडे गेले काही महिने अफझलखान चालू आहे. इतिहासात हा प्रसंग 10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी घडला आणि भेट म्हणाल तर काही क्षणांत आटोपली. आमच्या घरात ती अजून झालेली नाही. खान शामियान्यात येऊन बसतो, महाराज गड उतरू लागतात आणि बाप घोरू लागतो. मग बरगडीत कोपर बसतं. “बाबा, पुढे.” बाप दचकून म्हणतो, “पुढे काय... महाराज म्हणाले, रिपोर्ट संध्याकाळपर्यंत पाठवतो.” दुसऱ्या दिवशी पुन्हा विजापूरहून निघायचं. मधल्या वेळात प्रश्न असतात. खान घोड्यावरून आला की हत्तीवरून, हत्ती शामियान्यात मावला का, खानाच्या आईला माहीत होतं का. या तिसऱ्या प्रश्नावर भल्याभल्या इतिहासकारांनी मौन पाळलं असतं, मीही पाळलं.

घरात निभत नाही असं दिसलं, की बाप मुलाला बाहेर काढतो. सोपा मार्ग मॉलचा, पण तिथे मुलगा खेळात असतो आणि बाप कार्ड रिचार्ज करण्याच्या रांगेत. दोघांची भेट पार्किंगमध्ये होते. म्हणून आम्ही राणीची बाग ठरवली. आता तिचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असलं, तरी आमच्या डोंबिवलीच्या घराघरात ती राणीची बागच आहे. ती 1862 पासून मुंबईच्या बापांची सोय बघते आहे.

निघण्यापूर्वी बायकोने एक बॅग हातात दिली. पाण्याच्या दोन बाटल्या, टोपी, नॅपकिन, जादा चड्डी, खाकऱ्याचा डबा, सॅनिटायझर, एक रिकामी पिशवी, आणि त्या रिकाम्या पिशवीत आणखी एक रिकामी पिशवी. कशासाठी, ते विचारायचं नसतं. सूचना तोंडी होत्या. “त्याला मधूनमधून शू विचारत राहा, तो आपणहून सांगत नाही. गोळा खाऊ देऊ नकोस. हात सोडू नकोस. आणि उगाच फोन करू नकोस, मी झोपणार आहे.” ही शेवटची सूचना देताना तिच्या चेहऱ्यावर जी शांती होती, ती पाहून मला बापलेकांच्या या संपूर्ण चळवळीमागे कोण आहे याचा पहिल्यांदा अंदाज आला. दोघांचाच वेळ म्हणतात, पण त्यात तिसऱ्या माणसाचा एकटीचा वेळ मोफत मिळतो. पालकसभेतल्या टाळ्यांचा उलगडा तिथे झाला.

रविवार असल्याने मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक होता. जलद गाडी मुलुंडपासून माटुंग्यापर्यंत धीम्या मार्गावरून चालणार होती. म्हणजे ती जलद फक्त नावाला, आणि बापाच्या हाती आयता मोकळा वेळ. खिडकीतल्या काकांनी आरवला जागा करून दिली आणि मी माहिती द्यायला लागलो.

बाप मुलावर प्रेम करतो म्हणजे त्याला माहिती देतो. आई घास भरवते, बाप सनावळी भरवतो. मी सांगितलं, की भारतातली पहिली प्रवासी गाडी याच मार्गावर धावली, 16 एप्रिल 1853 रोजी, बोरीबंदर ते ठाणे, 34 किलोमीटर. चौदा डबे होते, चारशे माणसं होती आणि गाडीला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं होती.

“मग पहिला कोण आला?”

“म्हणजे?”

“तिघांत.”

मी म्हटलं, अरे, शर्यत नव्हती, तिन्ही इंजिनं एकाच गाडीला जोडली होती. यावर तो थोडा वेळ विचारात पडला आणि मग म्हणाला, “म्हणजे सुलतान तिसरा आला.” समोरच्या बाकावरचे गृहस्थ म्हणाले, “बरोबर आहे.” रेल्वेच्या इतिहासावर आमचं संभाषण इथे संपलं. भांडुपला गाडी बराच वेळ उभी राहिली. आजच्यापेक्षा त्या दिवशी साहिब-सिंध-सुलतान लवकर पोचले असावेत, असा शेरा कुणीतरी मारला आणि डब्याने तो एकमुखाने मंजूर केला.

एकटा बाप मुलाला घेऊन फिरताना दिसला, की लोकांच्या काळजाला पाझर फुटतो. विक्रोळीला चढलेल्या एका आजींनी मुलाला विचारलं, “आई नाही आली, बाळा?” हा प्रश्न त्या दिवशी ठिकठिकाणी विचारला गेला आणि दरवेळी विचारणाऱ्याच्या आवाजात एखादी दुःखद बातमी ऐकण्याची तयारी असायची. आरवने सांगितलं, “आई झोपलीये.” आजींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मला ‘दुपारची’ हा शब्द घाईने जोडावा लागला. मग त्यांनी मुलाला लिमलेटची गोळी दिली आणि मला म्हणाल्या, “पण तुम्ही आणलंत हो, किती हौस!” पलीकडे दाराशी एक बाई कडेवर एक, हाताला एक आणि खांद्याला पिशवी अशी उभी होती. तिच्या हौशीचं कौतुक कुणी केलं नाही. तिला फक्त “जरा आत सरका” म्हणाले. मुलाला घेऊन लोकलमध्ये बसणं हे पुरुषाने केलं की पराक्रम होतो आणि बाईने केलं की अडथळा होतो. या बाबतीत आमचा समाज न्यायी नाही, पण फायदा माझा होत असल्याने मी गोळीचा कागद खिशात घालून गप्प बसलो.

भायखळ्याला उतरलो. हे स्टेशन अलीकडे फार देखणं केलं आहे. जुनं रूप जपून दुरुस्ती केल्याबद्दल युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार त्याला 2022 मध्ये मिळाला. मी दगडी बांधकाम दाखवलं. आरवने वजनकाटा शोधला.

बागेच्या खिडकीवर मी म्हटलं, “एक मोठा, एक लहान.” आतल्या माणसाने मान वर करून दोघांना पाहिलं. दर असे आहेत: मोठ्या माणसाला 50 रुपये, तीन ते बारा वर्षांच्या मुलाला 25 आणि आई-वडील व दोन मुलं अशा चौकोनी कुटुंबाला मिळून 100. म्हणजे महापालिकेच्या मते कुटुंबाला चारच कोन असतात. आम्ही दोघं म्हणजे नुसती एक रेषा होतो. रेषेला सवलत नाही. 75 रुपये भरून आत गेलो.

प्राणिसंग्रहालयात प्राण्यांपेक्षा बाप बघण्यासारखे असतात. त्यांचं पहिलं लक्षण म्हणजे ते पाट्या मोठ्याने वाचतात. प्राणी पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात असला तरी बिघडत नाही, पाटी पुढेच असते. “शास्त्रीय नाव... आढळ... आहार... आयुर्मान.” मुलाने मान डोलवेपर्यंत ते पुढे सरकत नाहीत, जणू बाहेर पडताना फाटकावर तोंडी परीक्षा आहे. दुसरं लक्षण म्हणजे बोट. बागेत सर्वांत जास्त वेळा उच्चारलं जाणारं वाक्य “तो बघ, तो बघ!” हे आहे आणि त्याचं उत्तर “कुठे?” हे आहे. “तो काय तिथे! माझ्या बोटाच्या सरळ रेषेत बघ.” मूल बोटाकडे बघतं. एकदा बोटाकडे, एकदा बापाकडे. मधल्या वेळात बिबट्या उठून निघून जातो. आया असं बोट दाखवत नाहीत. त्या मुलाचं डोकं दोन्ही हातांत धरून हव्या त्या दिशेला फिरवतात. ही पद्धत जास्त खात्रीची आहे.

गर्दीत आरवचा हात सुटला म्हणून मी मोठ्याने हाक मारली, “आरव!” तीन मुलं वळली. तीन बापांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. माझा आरव वळला नाही, कारण तो माझ्या मागेच उभा होता आणि इतर आरव मोजत होता.

पेंग्विन हे बागेचं मुख्य आकर्षण. 2016 मध्ये ते दक्षिण कोरियातल्या सोलहून विमानाने आले. ते हम्बोल्ट जातीचे, मूळचे पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. रांगेत उभ्या असलेल्या बहुतेक बापांनी मुलांना बर्फाची तयारी करून आणलं होतं. हम्बोल्ट पेंग्विन बर्फावर राहतच नाही, तो खडकाळ किनाऱ्याचा रहिवासी आहे. काचेपलीकडे खडक आणि पाणी पाहून एक मुलगी म्हणाली, “बर्फ वितळला वाटतं,” आणि तिचे बाबा म्हणाले, “हो, उकाडा आहे ना.” असं ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या पुढे जातं. त्या दालनात वातानुकूलन कडक आहे. पेंग्विनांसाठी केलेलं असलं तरी भायखळ्याच्या दुपारी त्याचा लाभ माणसंच जास्त घेतात. काही कुटुंबं तर पेंग्विनांकडे पाठ करूनच उभी होती. आरवने काचेला नाक लावलं, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “बाबा, पेंग्विनला एसी आहे, मग आपल्याला का नाही?” मी म्हटलं, “त्यांना उकाडा सहन होत नाही.” तो म्हणाला, “आईलाही होत नाही.” शेजारच्या काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्या घरी तो प्रश्न आधीच विचारून झाला असावा.

वाघ झोपला होता. बागेत वाघांची जोडी 2020 मध्ये संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातून आणली गेली, हे मी सांगितलं. “कुठल्या गाडीने?” एवढाच प्रश्न आला. वाघाबद्दल काही शंका नव्हत्या.

मला मनापासून दाखवायचा होता तो दगडी हत्ती. भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ हा घारापुरीचा हत्ती उभा आहे. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. इंग्रजांनी 1864 मध्ये तो उचलून विलायतेला न्यायचा घाट घातला. उचलताना तो खाली पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे इथे आणले आणि 1914 मध्ये जोडून तो पुन्हा उभा केला. मी ही गोष्ट रंगवून सांगितली, आणि त्या दिवसातली ही पहिली माहिती होती जी आरवने शेवटपर्यंत ऐकली. त्याने हत्तीभोवती फेरी मारून सांधे तपासले.

“कुणी पाडला?”

“इंग्रजांनी.”

“मग त्यांना ओरडले का?”

“कोण ओरडणार? राज्य त्यांचंच होतं.”

तो गप्प झाला. पाडणारा आणि ओरडणारा एकच असला तर काय होतं, हे वसाहतवादाचं सार एवढ्या थोडक्यात मी कुठल्या पाठ्यपुस्तकात वाचलेलं नाही. “मग पन्नास वर्षं तुकडेच?” त्याने बोटांवर काहीतरी करून विचारलं. मी होकार दिला. “मी ट्रक तोडला तेव्हा तू लगेच फेव्हिक्विक लावलंस,” तो म्हणाला. ब्रिटिश साम्राज्यापेक्षा आपण एका बाबतीत सरस आहोत हे कळल्यावर मी त्याला गोळा घेऊन देण्याचं मनात आणलं.

पण त्याआधी पाइप दिसला. पाणघोड्याच्या आवाराकडे एक कर्मचारी हिरवा पाइप घेऊन फरशी धूत होता. पाण्याचा झोत आधी भिंतीवर, मग गटाराच्या जाळीवर, मग पुन्हा भिंतीवर. आरव कठड्याला चिकटला तो हलेना. पाणघोड्याने तोंड उघडलं, लोकांनी मोबाइल वर केले, मीही केला. आरव पाइपकडेच बघत होता. मी आधी घड्याळ पाहिलं, मग पाटी वाचली, मग ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी पाठवलेलं सुप्रभात वाचलं, मग नाइलाजाने मीही पाइपकडे बघायला लागलो. माणूस तरबेज होता. पानं आधी एका कोपऱ्यात गोळा करायचा, मग झोताने एका दमात जाळीपर्यंत न्यायचा. एक पान दरवेळी मागे राहायचं. आरव म्हणाला, “आता जाईल बघ.” नाही गेलं. मी म्हटलं, “त्याने डावीकडून मारायला हवं.” कर्मचाऱ्याने डावीकडून मारलं. पान गेलं. आम्ही दोघांनी एकदम “गेलं!” म्हटलं. सबंध दिवसात आम्ही दोघं एकाच वस्तूकडे एकाच वेळी बघत होतो असा हा पहिलाच प्रसंग. स्कूटरच्या सिद्धांताला माझ्या मते यापेक्षा चांगला पुरावा मिळणार नाही.

मध्ये शूचा कार्यक्रम दोनदा झाला. मुलगा असल्याने सोय होती. तिथेच बाहेर एक गृहस्थ चार वर्षांच्या मुलीला घेऊन घुटमळत उभे होते. पुरुषांकडे तिला नेववत नव्हतं, बायकांकडे स्वतःला जाता येत नव्हतं. शेवटी एका अनोळखी ताईंनी तिला आत नेलं. बापांनी मुलांबरोबर वेळ घालवावा असं वाटणाऱ्यांनी भाषणांच्या आधी स्वच्छतागृहांचा नकाशा काढावा, असं मला तिथे वाटलं आणि अजूनही वाटतं.

फाटकाबाहेर गोळा खाल्ला. कालाखट्टा. त्याने एक, मी दोन. घरी हे सांगायचं नाही, असा करार झाला. त्याने माझ्या तळहातावर चिकट तळहात ठेवून तो पक्का केला. दार उघडल्याबरोबर आई म्हणाली, “काय काय पाहिलं?” आरव म्हणाला, “पाइप.” मग तिच्याकडे रोखून बघत म्हणाला, “आणि मी गोळ्याचं सांगणार नाहीये.” कराराचं शब्दशः पालन झालं होतं, त्यामुळे मला तक्रारीला जागा नव्हती. माझी जीभ जांभळी असल्याने बचावालाही नव्हती.

सोमवारी शाळेत ‘माझा रविवार’ या विषयावर चित्र काढायला सांगितलं होतं. संध्याकाळी ते चित्र फ्रिजवर लागलं. एक भलामोठा हिरवा पाइप, त्यातून निघालेलं निळं पाणी, एक पान, सांधे दाखवलेला हत्ती, एसीसकट पेंग्विन, मध्यभागी आरव आणि त्याच्या शेजारी, हसतमुख, आई. बागेच्या जवळपासही न फिरकलेली. मी म्हटलं, “अरे, मी कुठे आहे?” त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. “तू फोटो काढतोयस ना, मग तू कसा दिसशील?” मी मोबाइल उघडून पाहिला. त्याचं म्हणणं खरं होतं. पाणघोड्याचे सगळे फोटो नीट आले होते; माझा एकही नव्हता. श्यामच्या वडिलांच्या बाबतीतही कदाचित असंच काही झालं असेल, त्या काळी मोबाइल नव्हता एवढाच फरक.

बायकोने मात्र रविवारचा अहवाल समाधानकारक दिला. ती आधी झोपली, मग उठून चहा केला, तो गरम असतानाच प्यायली, आणि पुन्हा झोपली. “समुपदेशक बाई हुशार आहेत हं,” ती म्हणाली आणि पुढच्या रविवारी कुठे जाताय असं विचारलं.

तेव्हा बापहो, जायचं असेल तर लक्षात ठेवा. राणीची बाग बुधवारी बंद असते. रविवारी मेगाब्लॉक असतो. सुट्टी असेल तर शनिवार बरा. पाण्याच्या बाटल्या आणि दोन्ही रिकाम्या पिशव्या न्या, दुसरीचा उपयोग तिथे गेल्यावर कळतो. आणि आईला आग्रह करून बरोबर नेऊ नका. ती घरीच राहिली, तर 50 रुपये वाचतात.